परीटघडी आणि परीट

मराठी समीक्षेत एक शब्द फार सैलपणे वापरला जातो, आणि त्याविषयी आमची जुनी तक्रार आहे. तो शब्द म्हणजे ‘परीटघडी’. एखाद्या लेखकाचे गद्य फारच नीटनेटके, वळणदार, सुरकुती नसलेले वाटले की ती ‘परीटघडीची भाषा’ ठरते. पांढरपेशा लेखनाला हिणवायचे झाले की हा शब्द हाताशी असतोच. आमचा आक्षेप हिणवण्याला नाही. ज्यांना हिणवायचे त्यांना खुशाल हिणवावे. पण ही घडी घातली कोणी? ती दिसते पांढरपेशाच्या सदऱ्यावर, आणि ती घालणारे हात गावगाड्यातल्या एका बलुतेदाराचे. श्रमाचे फळ ज्याच्या अंगावर चढले त्याच्या वर्णनासाठी शब्द खर्ची पडावा, आणि ज्याने श्रम केले त्याचे जातिनाम त्या समासात पूर्वपद म्हणून फुकट राबावे, ही गोष्ट श्रमाची आणि शोषणाची परिभाषा अहोरात्र बोलणाऱ्या आमच्या समीक्षेच्या ध्यानात येऊ नये, याचे नवल वाटते.

हा एकच शब्द असता तर आम्ही एवढा शाईचा नाश केला नसता. (संगणकावर शाई कुठली, असे कोणी विचारील, असो.) ‘धोबीपछाड’ घ्या. ओले, जड कापड खांद्यावरून उचलून दगडावर आपटण्याची ती क्रिया. कुस्तीत गेली आणि तिथून राजकीय बातमीच्या मथळ्यात. ‘कुंदी काढणे’ म्हणजे बदडणे. मुळात कुंदी ही धुतलेल्या कापडाला लाकडी मोगरीने ठोकून तकाकी आणण्याची कला. घरची धुणी चव्हाट्यावर येतात ती भांडणाच्या अर्थी. म्हणजे धुण्याच्या धंद्याने मराठीला मुबलक शब्द दिले, आणि मराठी साहित्याने त्यांतले रूपक तेवढे ठेवून धंदा टाकून दिला.

रूपकाची ही हाव जुनीच आहे. रामकथेतला रजक सर्वांना ठाऊक असतो. सीतेविषयी वाईट बोलला तो धोबी, हे शाळकरी मुलालाही सांगता येते. वस्तुतः वाल्मीकींच्या नावे असलेल्या उत्तरकांडात भद्र नावाचा सेवक रामाला जी कुजबुज ऐकवतो ती सगळ्या नगरजनांची आहे. ती एका धोब्याच्या तोंडी घालण्याचे काम नंतरच्या कथनांनी केले. साऱ्या नगराचा दोष एका हलक्या मानलेल्या जातीच्या माथी मारणे किती सोयीचे पडले असेल, हे वेगळे सांगायला नको. रामकथेच्या परंपरांवर शोधनिबंध लिहिणाऱ्यांनी हा बदल नोंदवला आहे. त्यातून धोब्याविषयी काही विचारावे, असे मात्र फारसे कोणाला वाटलेले दिसत नाही.

आता अशा एका ठिकाणी जाऊ, जिथे कापडावाचून बोलणेच होत नाही. कामतघर हे भिवंडीच्या अंगाला लागलेले, वऱ्हाळादेवीच्या तलावाचे गाव. आज ते भिवंडी-निजामपूर महापालिकेत आहे. इंग्रजी अमदानीत हा सारा मुलूख भाताचा. भिवंडी ही खाडीवरच्या व्यापाराची, भात भरडण्याची पेठ. १८५७ नंतर उत्तरेकडून आलेल्या मोमीन विणकरांनी इथले हातमाग वाढवले, १९३० च्या दशकात यंत्रमाग आले, आणि पुढच्या दोन पिढ्यांत खाचरांच्या जागी मागांचे गाळे उभे राहिले. भिवंडीच्या इतिहासाविषयी कोणाला विचारा, तीन गोष्टी निघतात: भात, माग आणि १९७० व १९८४ च्या दंगली. तिन्ही खऱ्या आहेत. पण विणलेले कापड पुढे अंगावर येते, मळते आणि धुवावे लागते, ही चौथी गोष्ट इतिहासात बसत नाही. १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटिअरात मीठ आणि विणकाम उद्योग म्हणून येतात. परीट येतो तो जातींच्या यादीत. साहेबाने त्याला जात म्हणून टिपले आणि आपण, स्वातंत्र्यानंतरही, ती टिप्पणी दुरुस्त केली नाही.

परीट हा कारागीर होता की नुसता राबणारा, या प्रश्नाचे उत्तर त्याच्या कामातच आहे, म्हणून ते काम जरा सावकाश पाहू. मागावरून उतरलेले सुती कापड कोरे असते. ताण्याला लावलेली खळ, कापसाच्या तंतूवरचे मूळचे मेण आणि हाताळणीचा मळ, हे सगळे त्यात असते. ते कापड पांढरे करणे ही स्वतंत्र विद्या होती. सतराव्या शतकात तावेर्निये हा फ्रेंच प्रवासी भडोचविषयी लिहितो, की तिथे दुरून कोरे कापड धुण्यासाठी येते, कारण तिथे मोकळी कुरणे आहेत आणि लिंबे भरपूर. युरोपात त्या काळी तागाचे कापड पांढरे करायला महिनोन्‌महिने गवतावर पसरून ठेवावे लागे आणि आंबट ताकात बुडवावे लागे. बर्थोले याने क्लोरीनचा उपाय सुचवला तो १७८५ साली, आणि टेनंटची विरंजक भुकटी आली १७९९ मध्ये. तोवर युरोपीय वखारी आमच्या धोब्यांच्या हातगुणावर अवलंबून होत्या. हे अर्थशास्त्राच्या इतिहासात मिळते. साहित्याच्या विद्यार्थ्याला ते कोणी सांगत नाही.

वापरातल्या कपड्यांसाठी परटाची पद्धत भट्टीची. कपडे सज्जीखाराच्या किंवा खाऱ्या मातीच्या पाण्यात भिजवायचे, पिळून मोठ्या भांड्यावर रचायचे, खाली जाळ घालायचा आणि कित्येक तास त्यांतून वाफ जाऊ द्यायची. मळात तेलतूप, घाम यांचा स्निग्ध अंश असतोच. क्षार, स्निग्धता आणि उष्णता एकत्र आली की जे घडते त्यालाच साबण होणे म्हणतात. परीट साबण विकत आणत नव्हता. कपड्यातल्या मळाचाच थोडाफार साबण करून तो मळ काढीत होता. मग घाटावरचा दगड, मग ऊन, आणि ऊन लागलेल्या कापडावर पुन्हा पाणी, कारण ओलसर कापडाला ऊन अधिक पांढरे करते. रेशमाला आणि लोकरीला खार लावायचा नाही, त्यांना रिठ्याचे पाणी. हे त्याला ठाऊक होते, कारण खाराने रेशीम मरते. शेवटी भाताच्या पेजेची खळ. भाताच्या मुलखात ती फुकट मिळे. विणकर ताण्याला देतो तीही खळ आणि परीट धोतराला देतो तीही खळ. भिवंडीच्या भाताचा आणि भिवंडीच्या मागाचा संबंध जोडणारा हा एक शब्द आहे, आणि त्याच्या एका टोकाला परीट उभा आहे.

याहून आमच्या विषयाला जवळची गोष्ट म्हणजे परटाची खूण. गावभरचे कपडे एका भट्टीत जाणार आणि प्रत्येकाचे त्याच्या घरी परत येणार, तर ओळख कशी राहावी? बिब्ब्याचा चीक चुन्याशी मिळाला की कापडावर काळा डाग उठतो, आणि तो भट्टीच्या वाफेलाही दाद देत नाही. त्या डागाचे ठिपके, रेघा, फुल्या, गोल. प्रत्येक घराची खूण निराळी. ज्याला अक्षर येत नाही असे आपण ठरवून टाकले, तो माणूस शेकडो घरांची चिन्हे स्मरणात ठेवीत होता, नवी घडवीत होता, चुकत नव्हता. पोलिसांनी बेवारशी प्रेताच्या कपड्यांवरची ही खूण ओळख पटवण्यासाठी वापरली. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेवर, कंबरेवर, जिथे ही खूण कातडीला लागे तिथेच पुरळ उठू लागले. त्याचे कारण बिब्बा, हे १९४३ साली त्यांच्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. गोऱ्या साहेबांनी आधीच जांघेतल्या गजकर्णाला ‘धोबी इच’ असे नाव देऊन ठेवले होते. तो रोग बुरशीचा, पण नाव धोब्याचे. आमच्या विद्यापीठांच्या मराठी विभागांत चिन्हमीमांसा शिकवली जाते. सोस्यूरपासून बार्थपर्यंत सगळे येतात, आणि बार्थने साबणपुडीच्या जाहिरातींवर लिहिले म्हणून आपण थक्क होतो. गावात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली, यादृच्छिक, परस्परभेदावर उभी असलेली चिन्हव्यवस्था आपल्या सदऱ्याच्या आतल्या बाजूला होती, तिच्यावर मात्र एक परिच्छेद नाही.

आता नव्या वस्तूंकडे येऊ. वसाहतकाळातल्या घरगुती सुधारणांची यादी साधारण सारखीच असते: साबण, सोडा, नीळ, इस्त्री, नळ. इतिहासाची पुस्तके ही यादी अशी मांडतात, जणू अंधारात दिवे लागत गेले. १८८८ साली ‘सनलाइट’ साबणाच्या पेट्या कलकत्त्याच्या बंदरात उतरल्या. पुढे चरबीचा प्रश्न निघाला, आणि गोदरेजने १९१८ साली प्राण्यांची चरबी नसलेला ‘चावी’ छाप धुण्याचा साबण काढला. स्वदेशी आणि सोवळे या दोन्ही भावनांना तो मानवला. धुण्याचा सोडा विलायती कारखान्यांतून येऊ लागला, तेव्हा खारी माती गोळा करण्याचे काम मागे पडले. निळीची गंमत तर और आहे. ज्या देशाने जगाला नीळ पुरवली, जिथे निळीच्या मळ्यांनी शेतकरी पिळून काढले, त्याच देशाच्या बाजारात धोतराला देण्यासाठी इंग्लंडमधल्या हल गावच्या रेकिट कंपनीची नीळ विकली जाऊ लागली. ती झाडाची नव्हतीच. चिनी माती, सोडा आणि गंधक भाजून केलेले ते रंगद्रव्य. वस्तू बदलली, शब्द तोच राहिला. अर्थपरिवर्तनाची उदाहरणे शोधणाऱ्या भाषाविज्ञानाच्या प्राध्यापकांना हे सप्रेम भेट.

इस्त्री हा शब्द पोर्तुगीजांकडून आला असे मानले जाते, आणि बालदीही त्याच वाटेने. वसई १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होती आणि भिवंडीपासून ती काही दूर नाही. तेव्हा हे शब्द इंग्रजाच्या आधीच या किनाऱ्यावर रुळले असणार, असा आमचा तर्क आहे. कोळशाची इस्त्री परटाने स्वतः उचलली, हेही सांगितले पाहिजे. मोगरी गेली, इस्त्री आली, आणि आज परीटघडी म्हणताच डोळ्यांपुढे येते ती बहुतांशी इस्त्रीची घडी. परीट नव्याला विन्मुख होता असे ज्यांना वाटते, त्यांनी कुठल्याही शहरातल्या इमारतीच्या जिन्याखाली टाकलेले इस्त्रीचे टेबल पाहावे.

पण साबणाचे तसे झाले नाही, आणि आमच्या भांडणाचा गाभा इथेच आहे. साबणाने श्रम वाचले, असे म्हणतात. कोणाचे? भट्टी घरी लावता येत नाही. साबणाची वडी घरी आणता येते. वडी आली तशी मोरीत दगड आला, मोरीपर्यंत नळ आला, आणि परटाकडे जाणारे गाठोडे लहान होत गेले. धोतरे, लुगडी, अंथरुणे आता घरात धुतली जाऊ लागली. ती धुतली घरातल्या बाईने. परटाला वर्षाकाठी खळ्यावर धान्य मिळत असे. तिला काही मिळण्याचा प्रश्नच नव्हता. अमेरिकन घरांविषयी हीच गोष्ट रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी १९८३ साली ‘मोअर वर्क फॉर मदर’ या पुस्तकात दाखवली: धुण्याचे यंत्र घरात आले तेव्हा बाहेरची धोबीण आणि लॉन्ड्री गेली, आणि ते काम गृहिणीच्या दिवसात येऊन बसले. आपल्याकडे त्याला एक पायरी आणखी आहे. मध्यमवर्गातल्या बाईने ते काम ज्या दिवशी खाली ठेवले, त्या दिवशी ते ‘धुणंभांडी’ या जोडशब्दात शिरले आणि गरीब वस्तीतल्या दुसऱ्या बाईच्या हाती गेले. परटाचा हक्क होता; हिचे मोल. म्हणून ती मोलकरीण. तिच्यासाठी महाराष्ट्रात कल्याण मंडळाचा कायदा व्हायला २००८ साल उजाडावे लागले.

इथे एक आक्षेप येईल आणि तो यावाच. बलुत्याला हक्क म्हणणे म्हणजे गावगाड्याची आरती ओवाळणे नव्हे काय? त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या पुस्तकापासून ही चर्चा चालू आहे, आणि दया पवारांच्या ‘बलुतं’नंतर (१९७८) त्या व्यवस्थेकडे भाबडेपणाने पाहणे कोणालाच शक्य नाही. आम्हीही पाहत नाही. बाळंतिणीचे कपडे परटाच्या माथी होते. खळ्यावर त्याला ताटकळत उभे राहावे लागे आणि पदरात काय पडेल ते देणाऱ्याच्या मर्जीवर. (कोकणपट्टीत बलुत्याची घडी देशावरच्याइतकी घट्ट नव्हती, हे लक्षात ठेवूनही.) त्याने धुऊन आणलेले धोतर स्वच्छ असे, पण सोवळे नसे, पूजेआधी ते घरात पुन्हा पाण्यातून काढले जाई. स्वच्छता आणि शुद्धता या दोन गोष्टी आपल्या समाजाने अशा वेगळ्या काढल्या, की स्वच्छ करणाराच अशुद्ध ठरला. आणि तोच परीट महारामांगांचे कपडे धूत नसे. त्याच्या दगडाजवळही जातीची सीमा होतीच.

म्हणूनच साबणाच्या वडीची दुसरी बाजू आम्हाला मान्य आहे. ज्यांना परीट नव्हता त्यांच्या हाती ती वडी आली, तेव्हा स्वच्छ कपडा ही कोणाच्या नकारावर अवलंबून असलेली गोष्ट राहिली नाही. १९२७ च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांना उद्देशून जे भाषण केले त्यात स्वच्छ राहण्याचा आणि नेसण्याच्या पद्धतीचा विषय होता, तो उगाच नाही. लुगडे कसे नेसले आहे यावरून जात ओळखणाऱ्या समाजात ते लुगडे राजकीय होते. तेव्हा साबणाने सर्वांचे भले केले ही एक कथा आणि त्याने परटाला बुडवले ही दुसरी कथा, यांपैकी एक निवडा असे आम्ही म्हणत नाही. काम कोणाकडून कोणाकडे गेले आणि प्रत्येक वेळी त्याचा मोबदला कसा आटत गेला, एवढाच हिशेब मांडा म्हणतो. साहित्याच्या अभ्यासकांना तो मांडता येत नाही, कारण त्यांच्या वहीत धुणे या शब्दापुढे ‘शुद्धीचे प्रतीक’ असे आधीच लिहून ठेवलेले असते.

उदाहरणार्थ ‘स्मृतिचित्रे’. लक्ष्मीबाई टिळकांनी वडिलांच्या सोवळ्याओवळ्याचे, बाहेरून आलेली वस्तू धुऊन घेण्याच्या त्यांच्या अतिरेकाचे जे चित्र काढले आहे, ते वर्गात हमखास शिकवले जाते. विनोद दाखवला जातो, सनातनी मनाचे विश्लेषण होते, क्वचित मनोविकृतीचाही उल्लेख होतो. पण ते सगळे धुण्याचे पाणी कोण भरत होते, हात कोणाचे चालत होते, हा प्रश्न वर्गात येत नाही. आणि लक्ष्मीबाईंचे मोठेपण असे, की त्यांच्या मजकुरात त्याचे उत्तर आहे. घरातल्या बायकांचे हाल त्यांनी लपवलेले नाहीत. लपवले ते आमच्या प्रश्नपत्रिकांनी.

गाडगेबाबांविषयीही असेच. शेंडगावच्या परीट कुटुंबात १८७६ साली जन्मलेल्या या माणसावर प्रबोधनकार ठाकऱ्यांनी लिहिले, गो. नी. दांडेकरांनी लिहिले. बाबांचे बालपण मामाकडे शेतीत गेले, तेव्हा परटाच्या घरी जन्मले म्हणून स्वच्छतेचे वेड, अशी स्वस्त जुळणी कोणी करू नये. पण उलट बाजूने, भाषणांत आणि पाठ्यपुस्तकांत त्यांची जात सांगितली जाते ती ‘असे असूनही’ या सुरात, जणू तिथून निसटल्याबद्दलच त्यांचे अभिनंदन करायचे आहे. उत्तर प्रदेशात आणि बिहारात धोबी अनुसूचित जातींत मोडतात, महाराष्ट्रात परीट इतर मागासवर्गात. इथल्या परीट समाजाची या वर्गवारीविषयीची मागणी जुनी आहे. त्या मागणीच्या बाजूने वा विरुद्ध बोलायलाही आधी त्या धंद्याचा इतिहास लागतो, आणि हा इतिहास लिहिण्याची साधने पुष्कळशी भाषेत, म्हणजे आमच्या-तुमच्या खात्यात, पडून आहेत.

कामतघर-भिवंडी भागातल्या शिक्षकांना आम्ही एक काम सुचवतो. आपल्या वर्गात मागावर काम करणाऱ्यांची मुले असतात, क्वचित परटांचीही, आणि धुणीभांडी करणाऱ्या बायकांची तर निश्चितच. खळ, कांजी, भट्टी, कुंदी, मोगरी, धोपटणे, पिळा, दांडी, घडी हे शब्द त्यांच्या घरी कोणत्या अर्थाने आहेत, कोणते गेले आणि त्यांच्या जागी कोणते आले, हे त्यांनी घरी विचारून लिहून आणावे. आजी असेल तर आजीला विचारावे. मराठी, उर्दू, तेलुगू, ज्या घरात जी भाषा असेल त्या भाषेत. हा प्रकल्प गुणांसाठी नसला तर बरे, नाही तर मुले शब्दकोश उतरवून आणतील.